बांबूची तुळई आगीत किती मिनिटे उभी राहील?

कापडाच्या गोदामात पोटमाळा घालायचा म्हणून मध्यंतरी आम्ही भाव काढत होतो. लोखंड महाग, सागवान त्याहून महाग. अशा वेळी एक विक्रेते बांबूच्या फळीचा नमुना घेऊन आमच्या पेढीवर आले. फळी दिसायला गुळगुळीत, वजनाला भारी, रंग मधासारखा. त्यांनी खिशातून लायटर काढला, ज्योत फळीच्या कडेला अर्धा मिनिट धरली आणि बाजूला घेतली. कड थोडी काळी पडली, पण फळी पेटली नाही. "शेठ, पाहा. हा बांबू जळतच नाही," असे ते मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले.

आम्ही ऐकून घेतले, पण मनाला पटले नाही. कारण काडीची परीक्षा आम्ही कापडवाले रोजच घेतो. सुती धागा जाळला की कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते आणि त्याची टणक गोळी होते. रेशीम आणि लोकर यांना केस जळाल्याचा वास येतो. या परीक्षेने धागा कशाचा आहे ते कळते. पण त्याच कापडाच्या कनातीला मांडवात आग लागली तर ती किती वेळ टिकेल, हे काडीने कळत नाही. फळीचेही तसेच आहे. लायटरने एवढेच कळले की जाड आणि घट्ट वस्तू लहानशा ज्योतीने चटकन पेटत नाही. जाड सागवानही पेटले नसते.

आमच्या गोदामात आमच्याच मालाचे गठ्ठे नसतात. रंगाईला, धुलाईला आलेला दुसऱ्यांचा मालही असतो. तो आमच्याकडे अमानत असतो. शिवाय कामाची दोन-तीन मुले रात्री वरच्या माळ्यावर झोपतात. माळा जळून खाली आला तर कापडाचे पैसे विम्यातून कदाचित मिळतील, मुलांचे काय? म्हणून सौदा करण्यापूर्वी आम्ही या विषयाचा जमेल तेवढा अभ्यास केला, जाणकार इंजिनिअरांना विचारले. जे समजले ते व्यापारी बांधव आणि कारागीर यांच्यासाठी येथे मांडत आहोत.

हा बांबू कोणता?

शिडीचा, ताटीचा, परांचीचा बांबू आपण लहानपणापासून पाहतो. इंजिनिअर्ड बांबू म्हणजे त्याच बांबूपासून कारखान्यात तयार केलेला माल. त्याचे तीन मुख्य प्रकार ध्यानात ठेवावेत.

पहिला प्रकार पट्ट्यांचा. बांबू उभा चिरून कामट्या काढतात. बाहेरची मेणचट साल आणि आतला मऊ भाग रंधून टाकतात, कारण त्या सालीवर डिंक धरत नाही. कामट्या उकळून किंवा वाफवून त्यांतील साखर व पिष्ट कमी करतात, म्हणजे भुंगा लागत नाही. मग वाळवून, डिंक लावून, गरम दाबयंत्रात एकमेकींना चिकटवतात. त्यातून फळ्या, खांब आणि तुळया होतात.

दुसरा प्रकार तंतूंचा. बांबू चिरडून त्याचे धागेदार जुडगे करतात, ते राळेत बुडवतात, वाळवतात आणि प्रचंड दाबाखाली एकजीव करतात. हा माल फार घट्ट असतो. एका घनमीटरचे वजन हजार किलोच्याही वर जाते, म्हणजे पाण्यात टाकला तर बुडतो. विक्रेत्यांनी आम्हाला दाखवलेली फळी याच जातीची होती.

तिसरा प्रकार चटईचा. बुरुडाच्या तट्ट्यासारख्या विणलेल्या चटया राळेत भिजवून, एकावर एक ठेवून दाबतात. त्यांच्या फळ्या आणि छपरासाठी पन्हळी पत्रे होतात. बेंगळुरू येथील प्लायवुड उद्योग संशोधन व प्रशिक्षण संस्थेने या मालावर पुष्कळ काम केले आहे. भारतीय मानक ब्युरोने चटईच्या फळीसाठी १९९४ साली आणि पन्हळी पत्र्यासाठी २००४ साली मानके काढली.

मोठ्या इमारतींत हा माल आज दिसतो. स्पेनमधील माद्रिद विमानतळाच्या २००६ साली सुरू झालेल्या चौथ्या टर्मिनलचे छत आतून बांबूच्या पट्ट्यांचे आहे. बेंगळुरू विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलमध्येही, ज्याचे उद्घाटन नोव्हेंबर २०२२ मध्ये झाले, छताला इंजिनिअर्ड बांबूची जाळी आहे. मात्र या दोन्ही ठिकाणी बांबू छताच्या आतील सजावटीला आहे. इमारतीचा भार त्याच्यावर नाही. आपल्या पोटमाळ्यावर तर गठ्ठ्यांचा भार येणार. हा फरक विसरता कामा नये.

पेटणे वेगळे, टिकणे वेगळे

आगीच्या बाबतीत दोन वेगळे प्रश्न असतात आणि बाजारात ते नेहमी एकमेकांत मिसळले जातात.

पहिला प्रश्न : वस्तू किती लवकर पेटते, तिच्या पृष्ठभागावर ज्वाळा किती वेगाने धावते, धूर किती होतो? यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत आणि त्यांचे वर्ग असतात. वर्ग १ म्हणजे ज्वाळा फार कमी पसरते.

दुसरा प्रश्न : आग पुरती भडकल्यावर भिंत, तुळई किंवा माळा किती वेळ आपले काम करतो? याची चाचणी भट्टीत होते. भारतात आयएस ३८०९ या मानकाप्रमाणे ती करतात. भट्टीचे तापमान ठरलेल्या क्रमाने वाढवत नेतात. अर्ध्या तासाला ते सुमारे ८४० अंश सेल्सिअस आणि एका तासाला सुमारे ९४५ अंश होते. तोपर्यंत भार पेलला जातो का, ज्वाळा पार जातात का, आणि मागची बाजू किती तापते, हे तीन मुद्दे पाहतात. निकाल मिनिटांत मिळतो : ३० मिनिटे, ६० मिनिटे, १२० मिनिटे.

याचे आपल्याकडचे उदाहरण पाहा. विदर्भात वणी-वरोरा महामार्गावर २०२३ साली २०० मीटर लांबीचा बांबूचा संरक्षक कठडा बसवला गेला. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत झालेल्या आगीच्या चाचणीत त्याला वर्ग १ मिळाल्याचे त्या वेळी जाहीर झाले. ही चांगलीच गोष्ट आहे. रस्त्याकडेचे गवत पेटले तर कठड्याने आग पुढे नेऊ नये, एवढे तेथे पुरेसे आहे. पण कोणी विक्रेता "वर्ग १" एवढेच दाखवून माळ्याच्या तुळया विकू लागला, तर त्यांना विचारावे : वर्ग कळला, मिनिटे किती?

अख्खा बांबू लवकर का पडतो?

अख्खा बांबू आतून पोकळ असतो आणि त्याची भिंत साधारण ८ ते १२ मिलिमीटर जाड असते. पेरांच्या आत कोंडलेली हवा व वाफ तापली की बांबू फटाक्यासारखा फुटतो. होळीत तो आवाज सर्वांनी ऐकला आहे. फुटल्यावर आग आतूनही लागते. लाकूड मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर या वेगाने कोळसा होते, तोच अंदाज येथे धरला तर ८ मिलिमीटरची भिंत बारा-पंधरा मिनिटांत संपते, आणि ताकद तर त्याच्याही आधी जाते. बांबू वाळलेला, उभा आणि मोकळ्या हवेत असेल तर आग झपाट्याने वर चढते. चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीला २०२१ च्या फेब्रुवारीत लागलेली मोठी आग पुष्कळांना आठवत असेल.

इंजिनिअर्ड बांबूत पोकळी राहत नाही. पातळ भिंतीऐवजी शंभर-दोनशे मिलिमीटरचा भरीव तुकडा मिळतो. आगीत त्याचा जो काही फायदा आहे तो मुख्यतः या जाडीचा आहे. वस्तू तीच, जळणारी. फक्त जळून संपायला तिला वेळ लागतो आणि तो वेळ आधी मोजता येतो.

कोळशाचा हिशेब

जाड लाकूड पेटले की वरचा थर साधारण ३०० अंशांच्या सुमारास कोळसा होतो. हा कोळसा उष्णता आत जाऊ देत नाही, म्हणून आतले लाकूड काही काळ शाबूत राहते. चुलीतला मोठा ओंडका रात्रभर का पुरतो आणि काटक्या क्षणात का संपतात, याचे हेच कारण. चिकटवलेल्या जाड बांबूचेही असेच होते.

युरोपातील लाकडी बांधकामाच्या संहितेत चिकटवलेल्या तुळईसाठी मिनिटाला ०.७ मिलिमीटर हा वेग धरतात. त्याशिवाय कोळशाच्या आत ७ मिलिमीटरचा थर तापून निकामी झाला असे मानतात. चिकटवलेल्या बांबूच्या वेगाची मापेही याच्या आसपासची आहेत. प्रत्यक्ष खरेदीत त्या-त्या मालाच्या चाचणीतला आकडाच घ्यावा. येथे समजण्यापुरता हा आकडा धरून हिशेब करू.

समजा तुळई १०० मिलिमीटर रुंद आणि २०० मिलिमीटर उंच आहे. वर फळ्या असल्यामुळे आग तीन बाजूंनी लागते. ३० मिनिटांत २१ मिलिमीटर कोळसा, अधिक ७, म्हणजे प्रत्येक बाजूने २८ मिलिमीटर गेले. रुंदी दोन्हीकडून कमी होऊन ४४ उरली, उंची खालून कमी होऊन १७२ उरली. वाकण्याच्या दृष्टीने ताकद मूळच्या जवळपास एक तृतीयांश राहिली. भार बेताचा असेल तर तुळई अर्धा तास उभी राहू शकते.

आता पैसे वाचवण्यासाठी तीच तुळई ५० मिलिमीटर रुंद घेतली. दोन्ही बाजूंनी २८ प्रमाणे ५६ गेले. म्हणजे अर्ध्या तासाच्या आतच काही उरले नाही. आणि १०० मिलिमीटरच्या तुळईला एक तास उभे राहायचे असेल तर? ६० मिनिटांचे ४२, अधिक ७, असे ४९. दोन्ही बाजूंचे ९८. उरले २ मिलिमीटर. म्हणजे तीही संपली. तासाभरासाठी तुळई याहून पुष्कळ रुंद हवी, नाहीतर तिच्यावर संरक्षण हवे.

एक दुप्पट रुंदी, आणि निकाल जमीन-अस्मानाचा. म्हणून "बांबू आगीत टिकतो का?" हा प्रश्नच अपुरा आहे. किती जाडीचा, किती बाजूंनी उघडा, किती भाराखाली आणि किती मिनिटे, असे विचारावे लागते.

पातळ फळीला तर हा लाभ मिळतच नाही. १२ मिलिमीटरची फळी पंधरा-सतरा मिनिटांचा सोबती, आणि पातळ फळी जाड तुळईपेक्षा वेगानेही जळते. तुळई उभी राहिली तरी वरची फळी आधी जाईल, हे माळ्यावर झोपणाऱ्यांच्या बाबतीत ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट. ताकद जाण्यासाठी ज्वाळा लागतेच असे नाही. लाकूड १०० अंशांना तापले की दाब सहन करण्याची त्याची शक्ती, वरील संहितेच्या हिशेबाने, थंड लाकडाच्या पाव इतकीच धरतात. बांबूचीही शक्ती जळण्यापूर्वीच बरीच घटते. म्हणून बारीक खांब हा बारीक तुळईइतकाच धोक्याचा.

डिंक आणि जोड

कापडाचा तागा कितीही चांगला असो, शिवणीचा दोरा कच्चा असेल तर सदरा उसवतो. येथे शिवण म्हणजे डिंक. फिनॉलच्या जातीची राळ उष्णतेत बराच काळ धरून राहते, वितळत नाही. काही पॉलियुरेथेन डिंक मात्र कोळसा होण्याच्या आधीच मऊ पडतात. मग कोळशाचा थर सुटून खाली पडतो, आतली ताजी बाजू उघडी होते आणि आगीला नवे खाद्य मिळते. वरचा सारा हिशेब कोळसा जागेवर राहील असे धरून केलेला आहे. तो गळून पडला तर हिशेब कोसळतो.

दुसरा कच्चा दुवा म्हणजे जोड. तुळई आणि खांब लोखंडी पट्ट्या व बोल्टांनी जोडतात. लोखंड उष्णता झपाट्याने आत नेते आणि साडेपाचशे-सहाशे अंशांच्या सुमारास आपली जवळपास निम्मी ताकद गमावते. बोल्टभोवतीचा बांबू आतूनच कोळसा होतो आणि तुळई शाबूत असताना जोड सुटतो. म्हणून पट्ट्या तुळईच्या पोटात बसवाव्यात, बोल्टांची तोंडे लाकडी गुट्ट्यांनी बंद करावीत किंवा जोडावर जिप्समच्या फळीचे आवरण द्यावे. जिप्सममध्ये बांधलेले पाणी असते. ते वाफ होऊन जाईपर्यंत आतल्या वस्तूचे तापमान फारसे वाढत नाही. आमच्या सुतार बांधवांना हे काम अवघड नाही. फक्त ते नकाशात आधी दाखवलेले हवे.

औषध लावले म्हणजे झाले?

बोरिक ॲसिड आणि टाकणखार यांचे द्रावण बांबूला कीड लागू नये म्हणून देतात. त्याने आग पसरण्यासही थोडा अडथळा होतो. पण किडीसाठी लागणारे प्रमाण कमी असते, आगीसाठी ते पुष्कळ जास्त लागते. तेव्हा "बोरॅक्स ट्रीटमेंट केली आहे" एवढ्यावर समाधान मानू नये. शिवाय हे क्षार पाण्यात विरघळतात. कोकणासारख्या पावसात उघड्यावर ठेवलेल्या मालातून ते धुऊन जातात. फॉस्फेटच्या जातीची औषधे आणि आगीत फुगणारे रंगही मिळतात. या सर्वांचा उपयोग मुख्यतः पहिल्या प्रश्नाला होतो, म्हणजे पेटायला उशीर आणि ज्वाळा कमी. माळ्याची मिनिटे मुख्यतः जाडीने आणि आवरणाने वाढतात.

हाँगकाँगचा धडा

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी हाँगकाँगच्या ताय पो भागातील वांग फुक कोर्ट या वसाहतीला आग लागली. आठपैकी सात इमारती पेटल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. इमारतींची दुरुस्ती चालू होती आणि भोवती बांबूची परांची होती. पहिल्याच दिवशी बोट बांबूकडे दाखवले गेले. पुढे चौकशीत दुसऱ्या गोष्टी समोर आल्या. परांचीवरील जाळीच्या कापडाचे काही नमुने आगीच्या चाचणीत नापास झाले, आणि खिडक्यांवर लावलेल्या फोमच्या फळ्यांनी आग घरांत शिरायला मदत केली.

बांबू तेथे जळाला, यात शंका नाही. पण आमच्यासारख्या कापडवाल्याने यातून जास्त शिकण्यासारखे आहे. जाळी हे आमच्याच धंद्यातले कापड. ते कागदावर पास असते आणि प्रत्यक्षात दुसरेच लावलेले असते. आपल्या गोदामातही माळा बांबूचा की लोखंडाचा यापेक्षा त्याखाली काय रचले आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते. पॉलिएस्टरचे गठ्ठे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, उघड्या वायरी आणि एकच दरवाजा असेल तर कोणत्याही तुळईची मिनिटे कमीच पडतील.

सौद्यापूर्वी काय विचारावे?

१. चाचणीचा अहवाल मागावा. तो भट्टीतल्या चाचणीचा आहे की फक्त ज्वाळा पसरण्याच्या चाचणीचा, हे वाचून पाहावे.

२. अहवाल कोणत्या जाडीच्या, कोणत्या डिंकाच्या आणि किती भाराखालच्या मालाचा आहे? आपण घेतो तो माल तोच आहे का? कापडात नमुना एक आणि तागा दुसरा, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

३. डिंकाचे नाव बिलावर लिहून घ्यावे.

४. तुळयांची मापे परवानाधारक इंजिनिअरकडून, गठ्ठ्यांचा खरा भार सांगून ठरवून घ्यावीत. सुताराच्या किंवा विक्रेत्याच्या अंदाजावर राहू नये.

५. अग्निशमनाच्या नियमांची पूर्तता पाहावी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे ही जबाबदारी जागेच्या मालकावर व वापरणाऱ्यावर आहे, विक्रेत्यावर नाही.

६. विमा कंपनीला आधी लेखी कळवावे. आगविम्याच्या जुन्या दरपत्रकात बांबूच्या भिंती किंवा छप्पर असलेले बांधकाम "कच्चे" गणले जाई आणि त्याचा हप्ता जास्त असे. कारखान्यात तयार झालेला बांबू आपली कंपनी कशात धरते, याचे उत्तर पॉलिसीवर येऊ द्यावे. आग लागल्यानंतर हा वाद घालण्यात अर्थ नसतो.

कारागिरांनाही एक सांगणे आहे. या मालाचे काम पुढे वाढणार आहे. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू "वृक्ष" या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतातला बांबू तोडणे आणि नेणे सोपे झाले. ज्या सुताराला जोड झाकण्याचे, आवरण नीट बसवण्याचे आणि अहवाल वाचण्याचे ज्ञान असेल, त्याला चार पैसे जास्त मिळतील आणि ते त्याच्या हक्काचे असतील.

आम्ही काय केले?

विक्रेत्यांना आम्ही वरचे प्रश्न विचारले. त्यांनी ज्वाळा पसरण्याचा अहवाल लगेच दिला. भट्टीतल्या चाचणीचा अहवाल मागितला तेव्हा "कंपनीला विचारून सांगतो" म्हणाले. ते गृहस्थ खोटे बोलत होते असे आम्हाला वाटत नाही. त्यांना या दोन गोष्टींतला फरकच कोणी समजावला नव्हता. आम्ही त्यांच्याकडून पेढीच्या दर्शनी भागासाठी आणि कापड मांडण्याच्या फडताळांसाठी फळ्या घेतल्या. माल चांगला निघाला. पोटमाळ्याचा सौदा मात्र अहवाल येईपर्यंत थांबवला आहे.

एक काम मात्र आम्ही कोणत्याही अहवालाची वाट न पाहता केले. मुलांच्या झोपण्याची जागा माळ्यावरून काढून खाली, दरवाजाजवळ केली, आणि रात्री त्या दरवाजाला बाहेरून कुलूप लावणे बंद केले. त्याला एक पैसाही खर्च आला नाही. ज्यांच्या गोदामात माणसे झोपतात त्यांनी बांबूचा विचार सवडीने करावा, हे काम आजच करावे.